सिस्टर, तुमचा टीपीआर कोण घेतं?

एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश: वय ४४. एका मोठ्या रुग्णालयात १९ वर्षं स्टाफ नर्स म्हणून काढल्यावर आठ महिन्यांपूर्वी त्या सर्जिकल वॉर्डच्या इन्चार्ज झाल्या. मागच्या महिन्यात एका वयस्कर पेशंटचं सलाईन लिहून दिलेल्या वेगापेक्षा बरंच जोरात चाललंय, हे नव्या मुलीच्या लक्षात आलं. तिनं ते हळू केलं, पण इन्चार्जना सांगितलं नाही. दोन तासांनी कळलं. पेशंटला काही झालं नाही. 'का सांगितलं नाहीस?' असं विचारल्यावर ती रडत म्हणाली, 'सिस्टर, तुमचा चेहरा बघून धीरच झाला नाही.' पत्रलेखिका म्हणतात, मी आजवर वॉर्डात कुणावर आवाज चढवलेला नाही. या प्रकारानंतर त्यांना दोन दिवसांच्या नेतृत्व-कार्यशाळेला पाठवलं गेलं. तिथं सांगितलं, संवादाचा ९३ टक्के भाग देहबोलीचा असतो. रोज ड्युटीआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून, छाती काढून उभ्या राहा. आवाज जाड करा. त्या हे इमानेइतबारे बाथरूममध्ये करतात आणि आरशात बघून त्यांना स्वतःचंच हसू येतं. सकाळी साडेआठला मोठ्या सरांचा राउंड असतो, त्यात सर्वांसमोर ऐकून घ्यावं लागतं. डबा बऱ्याचदा न उघडताच घरी जातो. कंबर धरलेली असते. विचारतात, 'माझ्यात लीडरची पर्सनॅलिटीच नाही का? चेहरा बदलता येतो का? की पद सोडून पुन्हा स्टाफला जाऊ?'

सिस्टर,

आधी एक भलताच प्रश्न विचारते. तुम्ही जवळचा चष्मा वापरता का?

पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारलं. आपल्याकडे या चष्म्याला नावच 'चाळिशी' आहे. चाळिशी उलटली की डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळचं अक्षर पुसट दिसायला लागतं. मग माणूस कागद लांब धरतो, डोळे बारीक करतो, भुवया आवळतो. कपाळावर दोन उभ्या आठ्या पडतात. आता तुमच्या हातात डॉक्टरांच्या अक्षरातला केस पेपर, वॉर्डातला तो पिवळट उजेड, आणि तोंडावर मास्क. समोर उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला तुमच्या चेहऱ्याचा जेवढा भाग दिसतो, तेवढ्यात फक्त आठ्याच आठ्या. तुम्ही अक्षर लावत असता आणि ती समजते की सिस्टर भडकल्यात.

चष्म्याने सगळं सुटेल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या सगळ्या पत्राखाली एक समजूत आहे, तिला हात घालायला हा प्रश्न बरा. तुम्ही धरून चाललात की चेहऱ्यावर दिसतो तो स्वभाव, आणि स्वभावात खोट आहे. मला त्या चेहऱ्यात स्वभावापेक्षा दुसऱ्याच गोष्टी जास्त दिसतात. न उघडलेला डबा दिसतो. दुखरी कंबर दिसते. कंबर दुखणारा माणूस एका पायावर भार टाकतो, हाताची घडी घालतो किंवा कॉटच्या दांडीला टेकतो. त्याला त्यात आराम वाटतो, बघणाऱ्याला मात्र 'बोल लवकर काय ते' असं ऐकू येतं. शिवाय, लिहिलं नसलं तरी सांगते, कारण माझी बहीण याच पेशात होती: सकाळी सातला घरून निघाल्यापासून तीन वाजेपर्यंत तुम्ही लघवीला गेलेल्या नसता. हो ना? भरलेलं मूत्राशय आणि रिकामं पोट घेऊन ज्याचा चेहरा प्रसन्न राहील तो संतच म्हणायचा. आपण अशा अवस्थेला 'कडक स्वभाव' असं नाव देऊन मोकळे होतो.

आता त्या कार्यशाळेबद्दल.

९३ टक्क्यांचा आकडा मी स्वतः तीन वेगवेगळ्या व्याख्यात्यांकडून ऐकलाय, तिघेही सुटाबुटातले. तो येतो १९६७ साली अमेरिकेत झालेल्या दोन छोट्या प्रयोगांतून. त्यात लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायला सांगितलं. शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरं, असं असताना माणूस भावना कशावरून ताडतो, इतपतच ते लागू. 'बेड नंबर १४ ला अँटिबायोटिकचा दुसरा डोस द्यायचाय' या वाक्यातलं ९३ टक्के देहबोलीतून पोचत असतं, तर ड्युटी बदलताना पुढच्या पाळीला ओव्हर द्यायला, म्हणजे पेशंटची माहिती सोपवायला, वही कशाला लागली असती?

कमरेवर हात ठेवण्याचीही तीच गत. २०१० साली ४२ माणसांवर एक प्रयोग झाला आणि निष्कर्ष निघाला की ऐसपैस पवित्र्यात दोन मिनिटं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात, धाडस वाढतं. पुढे २०१५ मध्ये २०० जणांवर तेच करून पाहिलं. लोकांना आपण थोडे ताकदवान झालोय असं वाटलं खरं, पण संप्रेरकं जागची हलली नाहीत, वागण्यातही फरक पडला नाही. मूळ प्रयोग करणाऱ्या तिघांपैकी एकीने २०१६ मध्ये जाहीरच करून टाकलं की या परिणामावर आपला आता विश्वास नाही. तेव्हा बाथरूममध्ये तुम्हाला हसू येतं, ते अगदी शहाणपणाचं आहे. वाटलं तर करत राहा, निदान ड्युटीआधी दोन मिनिटं हसून तरी निघाल.

माझा खरा आक्षेप त्या शिकवणीच्या रोखावर आहे. शरीर म्हणजे दुसऱ्यांना दाखवायची गोष्ट, असं ती धरून चालते. जसं काही वॉर्ड म्हणजे रंगमंच, आणि तुम्ही इन्चार्जचं काम करणाऱ्या नटी. पण शरीर आधी आपल्यालाच काही सांगत असतं, आणि ते वाचायचं कसं हे या राज्यात कुणाला येत असेल तर ते तुम्हाला. पेशंटचा श्वास मोजताना तुम्ही काय करता? नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवता आणि नजर छातीवर. कारण 'तुमचा श्वास मोजते हं' असं सांगितलं की तो लगेच बदलतो. पहिल्या वर्षाला शिकलेली गोष्ट.

हीच गोष्ट स्वतःच्या बाबतीत उलटी वापरायची. स्वतःचा श्वास चोरून मोजता येत नाही. लक्ष दिलं की तो बदलतो, बहुधा संथ होतो. तेच तर हवंय. दिवसातून तीसेक जणांचा टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास, लिहिणाऱ्या बाईने दोनदा स्वतःचा घ्यावा. कागदावर लिहायची गरज नाही. दात आवळलेत का? खांदे कानाशी आलेत का? श्वास पोटापर्यंत जातोय की गळ्याशीच घुटमळतोय? शेवटचं पाणी कधी प्यायले?

यासाठी वेळ कुठून काढू, हे तुम्ही विचारण्याआधीच सांगते. हात धुता ना? साबणाने हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, हे तुमच्याच बेसिनवरच्या तक्त्यावर लिहिलेलं असतं. दिवसातून कितीतरी वेळा हे होतं, आणि त्या वेळात तुम्हाला कुणी हाक मारत नाही, मारली तरी 'हात धुतेय' हे उत्तर सगळ्यांना पटतं. त्या पाऊण मिनिटात दोन्ही पायांचे तळवे जमिनीला टेकलेत का ते बघा, खांदे खाली सोडा, वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटे करा, आणि श्वास आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून बाहेर सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं! चार-पाच श्वासांत फरक जाणवतो. सर्वांत जास्त गरज आहे ती मोठ्या सरांच्या राउंडनंतर. ते जे बोलले ते तुमच्या मानेत आणि जबड्यात बसलेलं असतं, आणि पुढची जी मुलगी प्रश्न घेऊन येते तिच्या पदरात पडतं. एक शब्दही न बोलता. वरून आलेलं खाली जातं ते असं. राउंड संपला की आधी बेसिन, मग वॉर्ड.

इथं माझी एक जुनी गोष्ट सांगायला हरकत नाही. मी अकरा वर्षं एका शाळेची मुख्याध्यापिका होते. हातात कायम किल्ल्यांचा जुडगा असायचा. जिना चढताना तो खुळखुळायचा आणि वर्ग चिडीचूप व्हायचे. मला वाटायचं, काय दरारा आहे आपला! निवृत्तीनंतर एका लग्नात जुन्या सहकारी बाई भेटल्या. जेवताना म्हणाल्या, 'बाई, तुमचा जुडगा सावकाश वाजला तर आम्ही रजेचा अर्ज घेऊन यायचो. भरभर वाजला तर अर्ज परत पर्समध्ये.' म्हणजे माझा मूड सगळ्या शाळेला माझ्याआधी कळत होता. अकरा वर्षं. आणि त्यातल्या कितीतरी सकाळी मी रागावलेली नव्हतेच, नुसती घाईत होते, किंवा गुडघा ठणकत होता. किती अर्ज पर्समध्येच राहिले असतील, कोण जाणे. तेव्हा हे सगळं मी तुम्हाला उंचावर बसून सांगत नाहीये.

आता त्या मुलीकडे येऊ, कारण सगळ्यात नाजूक जागा तीच. वाईट बातमी ऐकताच चेहऱ्यावर जी पहिली रेघ उमटते ती आपल्या हातात नसते. ती दाबायला गेलात तर चेहरा दगडासारखा होईल, आणि दगडाची भीती आठ्यांपेक्षा जास्त. त्यामुळे चेहरा बदलता येतो का, या प्रश्नाला माझं उत्तर: नका बदलू. त्याचा अर्थ शब्दांत सांगून टाका. एखाद्या दिवशी सकाळच्या ओव्हरला, सगळ्या जमलेल्या असताना, सरळ म्हणा, 'मी वाचताना, विचार करताना अशी दिसते. मी रागावलेय असं वाटलं तर विचारा. पण पेशंटची कुठलीही गोष्ट माझा चेहरा बघून थांबवायची नाही.' आणि मग खरोखर कुणी चूक सांगायला आली, तर तोंडातून पहिलं वाक्य एकच निघू दे: 'बरं झालं लगेच सांगितलंस, चल.' त्या 'चल'बरोबर पाय पेशंटच्या दिशेने निघाले पाहिजेत. चेहरा हुकमात नसला तरी पाय असतात. 'का', 'कुणी', 'कसं' हे सगळं बेडपाशी जाऊन पेशंटचं बघून झाल्यावर.

तिला वेगळं बोलावून हेही सांगा की सलाईन हळू केलंस ते बरोबर होतं. माझ्या मते तुम्ही ते अजून सांगितलेलं नाही. पत्रात तिच्या न सांगण्याबद्दल दहा ओळी आहेत, तिच्या लक्षात येण्याबद्दल अर्धी.

बसण्याचंही बघा. कुणी बोलायला आलं की हातातलं पेन खाली ठेवा आणि नुसती मान न वळवता खुर्चीसकट तिच्याकडे वळा. तिला उभं ठेवू नका, शेजारी एक स्टूल असू द्या. अमेरिकेत कॅन्ससच्या एका रुग्णालयात असं दिसलं होतं की डॉक्टर पेशंटशेजारी बसून बोलले, तर ते जास्त वेळ थांबले असं पेशंटना वाटतं. प्रत्यक्षात उभ्याने बोललेल्या वेळेपेक्षा तो जास्त नव्हता. इन्चार्ज आणि ज्युनियर यांच्यात वेगळं काही घडत असेल असं मला वाटत नाही. अर्धं मिनिट बसून ऐकलेलं पुरतं.

डब्याबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. तुम्हाला वाटतं, मी न जेवता राबते हा माझा त्याग. पण इन्चार्ज जेवायला जात नाही तो वॉर्ड कसा असतो? तिथं कुणीच जेवायला जायची हिंमत करत नाही. नवी मुलगी 'सिस्टर, मी जाऊन येऊ?' असं विचारायला लाजते. पाणी पीत नाही, म्हणजे जायला नको. मग दोन वाजता तिचाही हात थरथरतो, आणि तिच्या हातात सुई असते. तुमच्या शरीराच्या सवयी आता तुमच्या एकटीच्या राहिलेल्या नाहीत, त्या वॉर्डाचा नियम होऊन बसतात. स्टाफ नर्स असताना उपास काढलात तो तुमचा होता, आता तो तुमच्या हाताखालच्या सगळ्या मुलींचा आहे. तेव्हा डबा उघडा, आणि सगळ्यांना दिसेल असा उघडा. पाळीपाळीने जेवायची वेळ भिंतीवर लावा आणि त्यात पहिलं नाव स्वतःचं घाला. माणसं कमी आहेत, हे मला माहीत आहे. कमी माणसांनी उपाशी राहून ती वाढत नाहीत. उलट वरच्या लोकांना वाटतं, चाललंय की व्यवस्थित.

चष्म्याबरोबर बाकीचंही तपासून घ्या. कंबरेसाठी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, पोटऱ्यांवरच्या शिरा फुगल्यात का बघा, रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉईड करून घ्या. चव्वेचाळीस म्हणजे पाळी पुढेमागे व्हायचं, रात्री घामाने जाग यायचं वय. झोप मोडत असेल तर त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी वॉर्डात चुकता होतो. दुसऱ्या कुणी ही लक्षणं सांगितली असती तर तुम्ही तिला हाताला धरून ओपीडीत नेलं असतं.

तुमच्यापुढे जे इतर रस्ते आहेत त्यांचंही बोलू. कुणी तुम्हाला सांगेल, हसतमुख राहा. मला हा सल्ला आवडत नाही. बायकांनाच तो जास्त दिला जातो, आणि चोवीस तास चिकटवलेलं हसू नव्या मुलींना दोन दिवसांत खोटं वाटायला लागतं. मोकळेपणी हसू आलं तर हसा, ड्युटी म्हणून नको. पद सोडायचं म्हणाल, तर त्यात लाज काही नाही. काही माणसांचा जीव पेशंटच्या उशाशीच रमतो, रजिस्टर आणि इंडेंटमध्ये (औषध-सामानाच्या मागणीपत्रांत) रमत नाही, आणि त्या उत्तम नर्स असतात. पण हा निर्णय भुकेल्या पोटी आणि दुखऱ्या कंबरेने घेऊ नका. तीन महिने चष्मा लावून, वेळेवर जेवून, रात्री झोपून बघा. त्यानंतरही सकाळी उठल्यावर पोटात गोळा येत असेल तर तो ऐका, कारण मग तो भुकेचा नसेल.

आणि मोठे सर? त्यांच्या बोलण्यावर श्वासाचा उपाय पुरा पडत नाही. पेशंटसमोर आणि मुलींसमोर अपमान होत असेल तर मेट्रनच्या, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांच्या, कानावर घाला, जमल्यास लेखी. शांत राहणं म्हणजे सोसत राहणं नव्हे. उलट, शांत असताना लिहिलेला कागद जास्त धारदार होतो, असा माझा अनुभव आहे. सरांशी समोरासमोर बोलायची वेळ आली तर ओपीडीनंतर, दोघंही बसलेली असताना. 'सर, राउंडमध्ये मला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण सुनवायचं असेल तर केबिनमध्ये' एवढं वाक्य घरी दहा वेळा मोठ्याने म्हणून जा. मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य आयत्या वेळी घशात अडकतं. जिभेला त्याची सवय आधीच व्हावी लागते.

पर्सनॅलिटीचं म्हणाल, तर १२ मे रोजी ज्यांच्या जन्मदिवशी तुम्ही दिवे लावता, त्या नाइटिंगेलबाईंचं आठवा. क्रिमियाच्या युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ जणींना घेऊन त्या स्कुतारीच्या (आजच्या इस्तंबूलमधल्या) लष्करी रुग्णालयात पोचल्या. रात्री हातात कंदील घेऊन एकेका जखमी शिपायापाशी जायच्या. (तो कंदील कापडी घडीचा, तुर्की पद्धतीचा होता. आपल्या चित्रांत पणतीसारखा दिवा कुठून आला देव जाणे.) हे सगळ्यांना माहीत असतं. पण युद्धावरून परतल्यावर, १८५७ नंतर त्या आजारपणाने अंथरुणाला खिळल्या आणि पुढची कित्येक वर्षं बहुतेक खोलीतच राहिल्या. तिथूनच त्यांनी रुग्णालयांच्या रचनेवर, परिचारिकांच्या शिक्षणावर आणि भारतातल्या सैन्याच्या आरोग्यावर काम केलं. भारतात त्या कधी आल्याही नाहीत. मंत्री आणि अधिकारी त्यांच्या खोलीत यायचे, पत्रांनी कामं व्हायची. त्या बाईंनी कमरेवर हात ठेवून छाती काढली असेल असं मला वाटत नाही, उठून बसायचीच मारामार होती. दिवसाच्या कुठल्या वेळी आपल्या अंगात किती त्राण आहे हे बघून, कुणाला भेटायचं आणि कुणाला नाही, हे मात्र त्या काटेकोरपणे ठरवत.

हे लिहिताना मला शाळांच्या हेडबाई, कारखान्यातले शिफ्ट इन्चार्ज, बँकेचे शाखाधिकारीही डोळ्यांपुढे आहेत. त्यांची पत्रं थोड्याफार फरकाने याच चालीची येतात. बेसिन नसेल तर त्यांनी केबिनचं दार उघडण्याआधी कडीवर हात ठेवून तेवढा वेळ थांबावं. आणि आपल्या हातात कुठला जुडगा वाजतोय, हे एखाद्या विश्वासातल्या माणसाला निवृत्तीच्या आधीच विचारून घ्यावं. तुम्हीही विचारा, सिस्टर. वॉर्डातल्या मावशींना विचारा, त्या खरं सांगतील. इतके इन्चार्ज आले-गेले त्यांच्या डोळ्यांसमोर.

चष्म्याचा नंबर किती निघाला, ते तेवढं कळवा.